साम्य जिथे तुटते

बोलायला लागलेले मराठी मूल कधीतरी 'मी केलं' याऐवजी 'मी करलं' म्हणते. घरातले मोठे हसतात, दुरुस्त करतात आणि विसरून जातात. पण त्या चुकीपाशी थोडे थांबायला हवे. 'करलं' हे रूप घरात कोणीच उच्चारलेले नसते. मुलाने ऐकलेले असते ते भरलं, सरलं, धरलं. 'धर'चे 'धरलं' होते, म्हणून 'कर'चे 'करलं' व्हायला हवे, असे त्याने स्वतःच ठरवलेले असते. हे भाषेतले त्रैराशिक आहे: तीन पदे माहीत, चौथे काढायचे. क्रियापद म्हणजे काय हे सांगता न येणारे मूल ते अचूक सोडवते आणि उत्तर मात्र चुकते, कारण भाषेचा इतिहास त्या एका धातूपुरता निराळा आहे. पुढे ते 'केलं' म्हणायला शिकते, म्हणजे साचा टाकून देत नाही. साच्याची हद्द कुठे आहे ते शिकते. माणसाच्या तर्काची आणि नवनिर्मितीची बहुतेक कहाणी या छोट्या घटनेत सापडते असे मला वाटते. तिचा पहिला अर्धा भाग आपण नेहमी सांगतो: माणूस साम्य पाहतो, त्यातून नवे सुचते. दुसरा अर्धा भाग क्वचित सांगितला जातो. नवे ज्ञान बहुधा साम्य जिथे तुटते तिथे हाती लागते, आणि ते तुटेपर्यंत ताणून पाहण्याची तयारी हीच सर्जक बुद्धीची खरी खूण आहे. या प्रस्तावनेचा विषय तोच आहे.

साम्याविषयी बोलायला आपल्याला शब्द उसने आणावे लागत नाहीत. शाळेच्या व्याकरणात उपमेचे चार घटक शिकवले जातात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. परीक्षेपुरते पाठ करून आपण ते सोडून देतो, आणि त्यातला 'साधारण धर्म' हा विचाराचा कणा आहे हे लक्षात येत नाही. दोन गोष्टी सारख्या आहेत एवढे म्हणून काहीच सांगितले जात नाही. जगातल्या कोणत्याही दोन गोष्टी कशात ना कशात सारख्या असतातच. कशात सारख्या, हा प्रश्न विचारला की विचार सुरू होतो. आपल्या अलंकारशास्त्राने तर साम्याच्या छटा फार बारकाईने वेगळ्या केल्या. दोन गोष्टी सारख्या म्हटल्या तर उपमा, एकच मानल्या तर रूपक, दोहोंपैकी कोणती हे कळेना तर ससंदेह, एकीला दुसरी समजून फसलो तर भ्रांतिमान, आणि उपमेय उपमानाहून कसे वेगळे, सरस आहे ते दाखवले तर व्यतिरेक. काव्याची ही वर्गवारी विज्ञानाच्या इतिहासाला लावून पाहिली तर ती आश्चर्यकारकरीत्या बसते. न्यायदर्शनात साम्याला आणखी मोठे स्थान आहे. गाय ठाऊक असलेल्या माणसाला 'गवय गाईसारखा असतो' एवढे सांगितले, आणि रानात तसा प्राणी दिसताच त्याने तो ओळखला, तर ते ज्ञान उपमान या स्वतंत्र प्रमाणाने झाले असे नैयायिक मानतात. त्यांच्या पंचावयवी अनुमानातही उदाहरणाला जागा आहे: डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. नुसता नियम सांगून त्यांचे भागत नाही. ओळखीच्या चुलीवरून अनोळखी डोंगराकडे जाणारी वाट दाखवावी लागते.

साचे ओळखण्याची ही शक्ती किती खोलवर काम करते हे बुद्धिबळाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. आद्रियान द ग्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ स्वतः चांगला बुद्धिबळपटू होता. श्रेष्ठ खेळाडू इतरांपेक्षा फार पुढच्या चाली मोजत असतील ही सर्वसाधारण समजूत त्याच्या 1946 सालच्या प्रबंधाने डळमळीत केली. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी तो धागा पुढे नेला. खऱ्या डावातली, सुमारे पंचवीस मोहऱ्यांची स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीतून मांडायला सांगितली, तेव्हा निष्णात खेळाडूने सोळाच्या आसपास मोहरी बरोबर ठेवली आणि नवशिक्याने चारच्या आसपास. तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली, तेव्हा निष्णाताची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती असामान्य नव्हती. त्याला पट वेगळा दिसत होता. आपण जसे अक्षरे न जुळवता शब्द वाचतो, तसा तो मोहऱ्यांचे गट वाचत होता. अनुभवी वैद्याला नाडीत, शेतकऱ्याला आभाळात आणि तबलजीला ठेक्यात जे चटकन कळते, त्याची जात हीच असावी.

परंतु ओळखीच्या क्षेत्रात साचा दिसणे वेगळे आणि एका क्षेत्रातला साचा दुसऱ्यात नेणे वेगळे. हे दुसरे काम किती अवघड आहे याचा पुरावा मेरी गिक आणि कीथ होलिओक यांच्या 1980 च्या प्रयोगात मिळतो. त्यांनी कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे जुने कोडे घेतले. रुग्णाच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया शक्य नाही. तीव्र किरणांनी गाठ जळेल, पण वाटेतला निरोगी भागही जळेल. सौम्य किरणांनी दोन्हीला काही होणार नाही. काय करावे? अनेक दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकवटावेत, हे उत्तर सुमारे दहा टक्के लोकांनाच सुचले. मग काहींना आधी एक गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या सर्व रस्त्यांवर सुरुंग पेरलेले आहेत, मोठी फौज गेली तर ते फुटतील. म्हणून सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून त्या वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी किल्ल्याशी पोहोचवतो. उत्तर गोष्टीत उघड होते, तरीही ती वाचून आपण होऊन कोडे सोडवणारे तीस टक्क्यांच्या घरातच राहिले. 'त्या गोष्टीचा उपयोग होईल' एवढे सांगताच ते प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास गेले. फौज आणि किरण, किल्ला आणि गाठ यांच्या रंगरूपात काही साम्य नाही. साम्य आहे ते संबंधांत. आणि मनाची ओढ रंगरूपाकडे असते. याच संशोधकांनी 1983 मध्ये दाखवले की एकाऐवजी दोन वेगवेगळ्या गोष्टी देऊन त्यांची तुलना करायला लावली, तर साचा अधिक सहज उचलला जातो. दुसरी गोष्ट पहिलीचे रंगरूप गाळून टाकते आणि साधारण धर्म तेवढा उरतो.

आपल्या छंदःशास्त्रात याचे सुंदर उदाहरण आहे. लघू अक्षर एका मात्रेचे, गुरू दोन मात्रांचे. चार मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? चारही लघू, एक गुरू आणि दोन लघू, यात गुरूच्या जागा तीन, किंवा दोन्ही गुरू. एकूण पाच. एका मात्रेसाठी 1, दोनसाठी 2, तीनसाठी 3, चारसाठी 5, पाचसाठी 8. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज, कारण ओळ लघूने तरी संपते किंवा गुरूने तरी. पहिल्या प्रकारात एक मात्रा कमी असलेल्या ओळी मोजायच्या, दुसऱ्या प्रकारात दोन कमी असलेल्या. विरहांक आणि बाराव्या शतकातला हेमचंद्र यांनी हे मांडले होते. इटलीतल्या फिबोनात्चीने 1202 मध्ये सशांच्या जोड्या मोजताना तीच मालिका लिहिली: या महिन्यातल्या जोड्या म्हणजे गेल्या महिन्यातल्या सर्व, अधिक त्याआधीच्या महिन्यात ज्या होत्या त्यांची नवी पिले. कवितेची ओळ आणि सशांचे बीळ यांत डोळ्यांना दिसणारे काही समान नाही. वाढीचा संबंध मात्र नेमका एक आहे. गणिताची सारी ताकद अशा साम्यांतून आलेली आहे, आणि ते साम्य पाहायला ओळ व ससा दोन्ही बाजूला ठेवावे लागतात.

आता ज्या माणसाच्या आयुष्यात खरे आणि खोटे साम्य शेजारी शेजारी नांदले त्याच्याकडे वळतो. 1596 मध्ये योहानेस केप्लर पंचविशीत असताना त्याचे पहिले मोठे पुस्तक निघाले. तेव्हा ग्रह सहा माहीत होते, आणि भूमितीत सुसम घनाकृती पाचच आहेत. सहा कक्षांमधल्या पाच जागांत या पाच आकृती एकात एक बसतात म्हणूनच देवाने ग्रह सहा केले, असे त्याने मांडले. रचना देखणी होती आणि अंतरे ढोबळमानाने जुळतही होती. पण यात साधारण धर्म कोणता? पाच ही संख्या, आणि आकार बसतात हा योगायोग. घनाकृती ग्रहाला काही करत नाही, त्याला हलवत नाही. याच केप्लरने पुढे दुसरे साम्य धरले. सूर्यापासून दूर असताना ग्रह सावकाश चालतो. मग सूर्यातून प्रकाशासारखे काही बाहेर पडत असेल आणि अंतराबरोबर ते क्षीण होत असेल का? 1609 च्या 'आस्त्रोनोमिया नोवा'त हे साम्य तो ज्या रीतीने वागवतो ते वाचताना मन भरून येते. तो ते सजवत नाही, त्याची उलटतपासणी घेतो. प्रकाश अपारदर्शक वस्तूने अडतो. मग ग्रहणात एक गोल दुसऱ्याच्या छायेत गेल्यावर त्याची गती थांबायला हवी. ती थांबत नाही. म्हणजे हे बळ प्रकाश नव्हे, प्रकाशाशी नाते सांगणारे दुसरे काही आहे. प्रकाश सर्व दिशांना पसरतो. हे बळ ग्रहांच्या प्रतलातच काम करत असावे. ग्रह कधी जवळ, कधी दूर का जातो यासाठी तो विल्यम गिल्बर्टच्या 1600 च्या ग्रंथातला लोहचुंबक घेतो आणि त्यालाही तसेच तपासतो. दरम्यान टायको ब्राहेच्या मंगळाच्या नोंदी आणि वर्तुळाकार कक्षा यांत आठ कलांचा फरक उरला होता. एका अंशाच्या साठ कला; त्यातल्या आठ. दुसऱ्या कोणी तो निरीक्षणातला दोष म्हणून सोडून दिला असता. केप्लरने वर्तुळ सोडले आणि अखेर तो लंबवर्तुळापर्यंत पोहोचला.

केप्लरचे बळ ग्रहांना पुढे ढकलणारे होते आणि ते चूक होते. न्यूटनने 1687 मध्ये ते दाखवून दिले. पण खगोलशास्त्रात 'हे कशाने चालते' हा प्रश्न भौतिक प्रश्न म्हणून आला तो या साम्यातून, आणि उत्तर जवळ आले ते साम्याच्या प्रत्येक तुटीतून. ज्या साम्याला केप्लरने अशी कठोर वागणूक दिली ते फळले. घनाकृतींवर मात्र त्याचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. 1621 मध्ये त्याने त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. 1781 मध्ये युरेनस सापडला आणि सहाचा आकडाच गेला. बुद्धी एकच, साम्य शोधण्याची ओढही एकच. फरक होता तो केवळ तपासाचा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की साम्य हा फक्त मचाण असतो; इमारत उभी राहिली की तो काढून टाकतात, खरे काम तर्क आणि गणित करतात. आक्षेप निम्मा बरोबर आहे. सिद्धतेत साम्याला स्थान नसते. पण काय सिद्ध करायचे, कोणती राशी मोजायची, कोणता फरक क्षुल्लक आणि कोणता महत्त्वाचा, हे तर्क सांगत नाही. आठ कलांना अर्थ आला तो कक्षेमागे कारण आहे या कल्पनेमुळे. शिवाय साम्य दूर केल्यावरही त्याची भाषा मागे उरते. आजही आपण विजेचा 'प्रवाह' म्हणतो आणि ध्वनीची 'लहर' म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसाला साचे नको तितके दिसतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला दोषी धरतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. त्याचा भाऊ घुणाक्षर न्याय: लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून अक्षरासारखा आकार उमटतो, म्हणून किडा साक्षर ठरत नाही. आणि खोटा साचा भाकितेही खरी करून दाखवू शकतो. टिटियसने 1766 मध्ये ग्रहांच्या अंतरांसाठी एक अंकांचा क्रम सुचवला आणि बोडेने तो 1772 मध्ये प्रसिद्धीस आणला. पृथ्वीचे अंतर 1 मानले तर मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये 2.8 पाशी एक जागा रिकामी राहत होती. युरेनस सापडला तेव्हा क्रम म्हणत होता 19.6 आणि मोजणी म्हणत होती 19.2. 1 जानेवारी 1801 रोजी पियाझ्झीला सेरेस दिसला, तोही जवळजवळ त्या रिकाम्या जागीच. यापेक्षा अधिक पुरावा काय हवा असे कोणालाही वाटले असते. 1846 मध्ये नेपच्यून सापडला. क्रमाप्रमाणे तो 38.8 पाशी हवा होता. निघाला 30 च्या आसपास.

याच्या शेजारी मेंडेलीव्हची 1869 ची सारणी ठेवून पाहावी. त्यानेही रिकाम्या जागा सोडल्या, आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्यांना 'एका-ॲल्युमिनियम', 'एका-सिलिकॉन' अशी नावे दिली. त्यातला 'एका' हा संस्कृत 'एक'च आहे. 1875 मध्ये गॅलियम सापडले. शोधकाने घनता 4.7 मोजली, मेंडेलीव्हने 5.9 च्या आसपासची सांगितली होती. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती 5.9 निघाली. पण मला सारणीतले यश याहून दुसरीकडे दिसते. अणुभाराप्रमाणे आयोडीन आधी आणि टेल्युरियम नंतर यायला हवे. गुणधर्म उलटा क्रम मागत होते. मेंडेलीव्हने गुणधर्मांची बाजू घेतली आणि टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला गेला असेल असे म्हटले. क्रम त्याने बरोबर लावला, कारण मात्र चुकीचे दिले. अणुभाराची मोजणी ठीक होती. ही गाठ सुटली 1913 मध्ये, मोझलीने क्ष-किरणांच्या साहाय्याने अणुक्रमांक हाच सारणीचा खरा आधार असल्याचे दाखवले तेव्हा. साचा जिथे तुटला होता तिथूनच अणूच्या अंतरंगाकडे वाट जात होती. टिटियस-बोडे क्रम तुटला आणि त्यातून काहीच निघाले नाही. त्याच्यापाशी प्रत्येक ग्रहाचा एकच आकडा होता. सारणीत घनता, संयुजा, ऑक्साइड, क्लोराइड असे अनेक धागे एकमेकांना धरून होते. एक धागा ताणला की बाकीचे बोलू लागत. साचा खरा की खोटा याची मला माहीत असलेली सर्वांत विश्वासू कसोटी हीच: तो मोडल्यावर काही शिकवतो का?

नैयायिकांनी या फसवणुकीचे नेमके निदान करून ठेवले आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण उलटे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला अग्नीबरोबर ओले सरपण लागते. न सांगता मधे येऊन बसलेल्या या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी संगणकीय जाळी तपासली, तेव्हा ती जाळी चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे हेही ओळखत होती आणि त्या माहितीचा आधार घेत होती. दुसऱ्या रुग्णालयातल्या चित्रांवर तिची कामगिरी घसरली. ओल्या सरपणाचाच हा प्रकार. यंत्रे साचे शोधण्यात आपल्या कितीतरी पुढे जातील, गेलीही आहेत. साधारण धर्म की उपाधी हा प्रश्न तरीही कोणाला तरी विचारावाच लागतो.

साम्याचा आणखी एक धोका त्याच्या शब्दांत असतो. डार्विनने 1859 च्या ग्रंथाचा आरंभ पाळीव प्राणी आणि वनस्पतींपासून केला: कबुतरे पाळणारा जशी निवड करतो, तशी निसर्गात आपोआप होते. 1866 मध्ये वॉलेसने त्याला पत्र लिहून सुचवले की 'निवड' म्हटले की लोक निवडणारा शोधू लागतात, शब्द बदलावा. डार्विनने नंतरच्या एका आवृत्तीत दुसरा शब्दप्रयोग जोडला, जुना सोडला नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते असे मी मानतो. पाळणाऱ्याच्या कबुतरखान्याशिवाय तो विचार इतक्या ठामपणे मांडता आला नसता, आणि कबुतरखान्यातून पाळणारा वजा केल्याशिवाय तो समजत नाही.

मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत 'दृष्टांतपाठ' आहे. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी त्यात संकलित केले, आणि त्यांची मांडणी तीन पायऱ्यांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. दार्ष्टांतिक म्हणजे दृष्टांतातली कोणती गोष्ट मूळ विषयातल्या कशाशी जुळते ते उलगडून सांगणे. पहिल्या दोन पायऱ्या आपण टिकवल्या; भाषणांत, वर्तमानपत्रांत, वर्गांत दृष्टांतांची कमतरता नाही. देश म्हणजे घर, अर्थव्यवस्था म्हणजे गाडी, मेंदू म्हणजे संगणक, असे म्हणून आपण थांबतो. तिसरी पायरी गळून पडली आहे, आणि तिच्याबरोबर प्रश्न विचारण्याची जागाही.

पुढच्या पानांत साम्ये पुष्कळ येतील. वाचकांना एवढीच विनंती की 'जसे' आणि 'सारखे' हे शब्द दिसतील तिथे थांबावे, साधारण धर्म कोणता हे विचारावे, आणि जिथे जुळत नसेल तिथे समासात खूण करावी. या प्रस्तावनेतल्या दृष्टांतांनाही त्यातून सूट देऊ नये.